सुतळीनं बांधलेलं फाटक

क्लेमंट एकहर्स्टच्या मते जगात मोडलेली अशी कुठलीच वस्तू नाही जी सुतळीनं दुरुस्त होत नाही. गवताच्या गठ्ठ्यांना बांधून येते ती नारिंगी प्लास्टिकची सुतळी. ती त्यानं आयुष्यात कधी फेकली नाही. कोटाच्या खिशात, ट्रॅक्टरच्या सीटखाली, स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात, हात घालाल तिथं तिचं भेंडोळं. गाडीचा आरसा सुतळीनं बांधलेला, कुत्रीच्या गळ्यात सुतळी, आणि विजार कमरेवर टिकवायला पट्ट्याऐवजी सुतळीच. चर्चमध्ये लग्नाला जाताना ती तेवढी धुतलेली असायची. त्याची बायको ईनिड म्हणायची, "आमचा संसार टिकलाय तोही बहुतेक हिच्यावरच."

त्यामुळे व्हाइटवे टेकडीच्या खालच्या फाटकाची कडी मोडली तेव्हा त्यानं काय केलं, हे वेगळं सांगायला नको. त्याची मुलगी ब्रायनी वसंतापासून मागं लागली होती, "बाबा, कडी बदला." तो म्हणायचा, "बदलतो की." आणि गाठीवर आणखी एक गाठ मारायचा.

फाटकाच्या एका बाजूला त्याच्या मेंढ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला तिच्या वेली. खरं तर ती सगळी टेकडी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांचीच. वर वीतभर गवत आणि खाली नुसता पांढरा खडू, पाऊस पडला की बुटांना पिठासारखा चिकटणारा. ब्रायनी फ्रान्समधल्या शँपेन प्रांतात बरीच वर्षं लोकांच्या द्राक्षबागांत राबून परत आली, ती आल्या आल्या टेकडीवर गेली आणि टाचेनं गवत उकरून तिनं वडिलांना तो खडू दाखवला. म्हणाली, "बाबा, ही तिथलीच जमीन आहे. इंग्लिश खाडीच्या खालून इकडं आलीय."

"मग तू तिथंच का नाही राहिलीस?" म्हातारा म्हणाला. पण टेकडीची दक्षिणेची उतरण त्यानं तिला दिली. एकुलती एक पोर घरी परत आली होती, त्याला ते आवडलं होतं. बोलून दाखवेल तर तो क्लेमंट कसला.

वेली लागल्या, वाढल्या, आणि मग एका वर्षी कडाक्याच्या थंडीनं कोवळी फूट जळाली आणि पुढच्या वर्षी सगळे घड कुजले. खोऱ्यातल्या पबमध्ये लोक क्लेमंटला विचारायला लागले की यंदा लेक व्हिनेगर किती काढणार. त्याला ते लागलं. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, उरलेली थंड टर्की खाता खाता, त्यानं काटा खाली ठेवला.

"येत्या शरदात तुझी ती रस पिळायची प्रेस काठोकाठ भरून दाखव," तो म्हणाला. "चांगल्या द्राक्षांनी. कुजका घड एकही नको. भरलीस तर टेकडी तुझी, माझ्यामागंही तुझीच. नाही भरलीस तर खांब मी उपटतो आणि मेंढ्या परत आत जातात."

ब्रायनीनं टेबलावरून हात पुढं केला. आमच्या खोऱ्यात क्लेमंट एकहर्स्टनं हात मिळवला की वकिलाकडं जायची गरज नसते. ईनिड तेवढं म्हणाली, "झालं. आता वर्षभर मला या दोघांत जेवायला बसायचंय."

आणि त्या वर्षी उन्हाळा नावालाच आला. जूनमध्ये पाऊस, जुलैमध्ये पाऊस, मधून ऊन पडलं तर तेही दमट. वेलींना दुसरं काय हवं, त्या पिसाटल्यासारख्या वाढल्या. पानांवर पानं चढली आणि घड आत अंधारात गुदमरून बसले. अशा वेळी घडांभोवतीची पानं हातानं काढून टाकावी लागतात, म्हणजे वारा आत शिरतो आणि कूज धरत नाही. पण तेवढ्या ओळी, आणि हात ब्रायनीचे दोन. मजूर मिळेनात, जे होते ते खोऱ्यातल्या मोठ्या बागेवाल्या पियर्स लॅटिमरनं आधीच बांधून ठेवलेले. ब्रायनी पहाटेपासून पानं तोडायची, आणि शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पहिली परत झाकून गेलेली असायची. रात्री अंथरुणात तिची बोटं आपोआप चिमटे घेत राहायची.

ऑगस्टमधल्या पहिल्या शनिवारी गावची जत्रा होती. कुणाचा भोपळा मोठा, कुणाचा केक उंच, कुणाचा मेंढा देखणा, यावर आमच्याकडं वर्षभर पुरतील एवढी भांडणं त्या एका दिवसात होतात. क्लेमंटचा ब्रिगेडियर नावाचा मेंढा दरवर्षी दुसरा यायचा. पहिला कधीच नाही. यंदा म्हाताऱ्यानं त्याला शांपू लावला होता. सकाळी आपला ठेवणीतला सूट घालून तो ब्रिगेडियरला घेऊन खालच्या फाटकातून निघाला. मेंढा एका बाजूला ओढतोय, सूटला चिखल लागतोय, उशीर झालेला. त्यानं एका हातानं सुतळीला गाठ मारली आणि गेला.

ब्रिगेडियर दुसरा आला.

संध्याकाळी चहाच्या वेळेला ब्रायनी जत्रेहून घरी परतली तेव्हा तिला लांबूनच टेकडीवर काहीतरी पांढरं हलताना दिसलं. ती पळत सुटली. फाटक सताड उघडं होतं, नारिंगी सुतळी चिखलात पडली होती, आणि सगळा कळप तिच्या वेलींत होता. दिवसभर निवांत चरून पोटं टम्म झालेल्या मेंढ्या. डचेस नावाची म्हातारी मेंढी ओळीच्या तोंडाशी उभी राहून तिच्याकडं बघत होती आणि तोंडातून अर्धं पान लोंबत होतं.

टेकडीची खालची सगळी बाजू, जिथं काळी द्राक्षं होती, ती कमरेइतक्या उंचीपर्यंत बोडकी झाली होती. वर पानांची छत्री तशीच, आणि खाली नुसत्या काड्या आणि उघडे पडलेले, अजून हिरवे, टणक घड. काही तुटून खाली तुडवले गेलेले.

क्लेमंट मागून धापा टाकत आला. त्यानं बघितलं, टोपी काढली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "पोरी, यावर तांबं मारलं होतंस का?"

तांब्याची फवारणी मेंढीच्या पोटात गेली तर मेंढी मरते. प्रश्न अगदी बरोबर होता, पण विचारायची वेळ ती नव्हती.

"तुमच्या मेंढ्यांची काळजी!" ब्रायनी म्हणाली. "तांबं मी कधीच मारत नाही, बाबा. थंडीत तुमच्या मेंढ्या इथं चरतात म्हणून नाही मारत. म्हणून तर मला बुरशी आवरत नाही. तुम्हाला हे माहीत तरी आहे का?" आणि मग तिच्या तोंडून ते निघालं. "मुद्दाम केलंत तुम्ही. पैज जिंकायची होती ना? मुद्दाम सोडलंत फाटक."

क्लेमंटनं टोपी घातली, नेल कुत्रीला शीळ घातली, मेंढ्या बाहेर काढल्या आणि निघून गेला. ब्रायनीला तिथल्या तिथं कळलं की आपण जास्त बोललो. पण ती शरमेपेक्षा जास्त रागात होती, आणि पाठीमागून हाक मारायला तिचं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर रविवारच्या जेवणाला दोघं एकाच टेबलावर बसायचे, पण बोलणं ईनिडमार्फत.

"ईनिड, तिला म्हणावं ग्रेव्ही इकडं सरकव."

"आई, त्यांना म्हणावं संपली."

"मी काय पोस्टातली बाई आहे का?" ईनिड म्हणायची. "एक तर भांडा, नाहीतर जेवा. बटाटे गार होतायत."

पावसानं मात्र अबोला धरला नाही. ऑगस्ट सरता सरता खोऱ्यात धुकं बसलं ते उठेचना. एक दिवस पियर्स लॅटिमर बांधावर येऊन उभा राहिला. एरवी हा माणूस बोलायला लागला की त्याच्या फ्रान्समधून आणलेल्या यंत्रांवरून खाली उतरत नसे. आज त्याच्या हातात एक घड होता, राखाडी लव आलेला.

"माझी अर्धी बाग अशी झालीय," तो म्हणाला. "तुझं काय?"

ब्रायनी त्याला टेकडीच्या वरच्या बाजूला घेऊन गेली, जिथं पांढरी द्राक्षं होती आणि मेंढ्या पोचल्या नव्हत्या. पानं बाजूला करून आत हात घातला. घड ओलसर, कोंदट. चौथ्या-पाचव्या वेलीवर एका मण्यावर तोच राखाडी ठिपका.

"सुरू झालं," पियर्स म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे त्याचं मोठेपण. "आणि खाली?"

खाली ती जत्रेनंतर फिरकलीच नव्हती. बघवत नव्हतं. कामापुरती वरच्या वाटेनं ये-जा करायची. आता पियर्स गेल्यावर ती उतरली, मन घट्ट करून. आणि पहिल्याच ओळीत थबकली. वारा होता. साधी झुळूक, पण ती ओळीच्या या टोकातून शिरून त्या टोकातून बाहेर पडत होती. घड उघड्यावर लोंबत होते, कोरडे ठणठणीत, मण्यांवर जांभळी झाक चढायला लागलेली. ती एकेक घड तळहातावर घेऊन उलटा करून बघत गेली. तुडवलेले थोडे गेले होते, तेवढेच. कूज कुठंच नव्हती. ओळ संपेपर्यंत तिचे डोळे भरून आले होते. जे काम तिच्यानं अख्ख्या उन्हाळ्यात झालं नव्हतं, ते मेंढ्यांनी एका शनिवारी करून ठेवलं होतं, आणि तेही नेमक्या उंचीला. क्लेमंटची साउथडाउन जातीची मेंढी बुटकी; तिची मान जिथवर पोचते तिथवरच घड असतात. मणी तेव्हा इतके आंबट होते की मेंढ्यांनी पानं खाल्ली आणि द्राक्षं सोडली.

आता वरची बाजू वाचवायची तर तिथंही हेच करायचं. पण जत्रेच्या वेळी ऑगस्टची सुरुवात होती. आता वरच्या मण्यांतसुद्धा पाणी उतरून गोडी भरायची वेळ आली होती. तिनं चार ठिकाणचे मणी चाखले. तीन इतके आंबट की कानशिलं आवळली. चौथा मात्र किंचित मऊ. त्यात कुठंतरी गोडी होती. मेंढ्यांना ती कळली तर संध्याकाळपर्यंत टेकडीवर काड्या राहतील, प्रेस अर्धी राहील आणि पैज तिनं स्वतःच्या हातानं हरलेली असेल. आणि काहीच केलं नाही तर कूज खाणारच होती.

क्लेमंट वाड्यात मेंढ्यांचे खूर कापत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ईनिड घरात आहे."

"मी आईकडं नाही आले." ती कुंपणाला टेकली. "बाबा, मी त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं होतं. मला तेव्हाही माहीत होतं की चुकीचं आहे. माफ करा."

त्यानं हातातला खूर पूर्ण केला. मेंढी सोडून दिली. "बरं," तो म्हणाला. मग कात्री पुसत, "ते तांब्याचं खरंय? माझ्या मेंढ्यांसाठी नाही मारत?"

"हो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

म्हाताऱ्यानं नाक ओढलं. ब्रायनीनं त्याला मेंढ्यांचं सगळं सांगितलं. आधी त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. मग त्यानं विचारलं, "मुद्दाम? आत सोडायच्या?"

"मुद्दाम. द्राक्षं खातील का त्या?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. "एकहर्स्टांच्या सगळ्या पिढ्यांनी जन्म घालवला तो मेंढ्यांना भलत्या ठिकाणी न जाऊ देण्यात. भर पिकात मुद्दाम घुसवलेल्या कुणी बघितल्यात?" तो गुडघ्यांवर हात ठेवून उठला. "माझी पैज आहे, पोरी. मी जिंकायला आलोय. खाल्ली तर मला म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप घेऊन दोघं खालच्या फाटकाशी आले. ब्रायनीनं सवयीनं सुतळी सोडायला हात घातला आणि हाताला गार लोखंड लागलं. नवी कडी. चार स्क्रू, चारही सरळ बसवलेले, वर तेलाचं बोट फिरवलेलं. स्क्रूंच्या खोबणीत गंज चढायला लागला होता, म्हणजे कालपरवा बसवलेली नव्हती. तिनं वडिलांकडं बघितलं.

"जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बसवली," तो मेंढ्यांकडं बघत म्हणाला. "चल, उघड. त्या खोळंबल्यात."

या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू सुतळीशिवाय दुरुस्त केली होती, आणि ती एवढे दिवस त्याला ग्रेव्ही संपली म्हणून सांगत होती. तिनं कडी उघडली.

दिवसभर दोघं ओळीच्या दोन टोकांना उभे होते आणि मधे नेल. ठरलं असं की एका ओळीत मेंढ्यांना फार टिकू द्यायचं नाही. पानं संपत आली की पुढं हाकायचं. पहिल्या ओळीत डचेसनं पानांचा सपाटा लावला आणि मग एक घड तोंडात धरला. डचेसनं चावलं, थांबली, ओठ वर खेचले, आणि चर्चमध्ये गार चहा मिळालेल्या बाईसारखं तोंड करून घड टाकून दिला.

"आंबट आहे का गं?" क्लेमंटनं तिला आदबीनं विचारलं. डचेस शिंकली. ब्रायनी इतकी हसली की तिला खांब धरावा लागला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथं ऊन सगळ्यात जास्त लागतं, तिथं डचेसनं एक मणी खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग तिनं मान घालून ओरपायलाच सुरुवात केली. ब्रायनी लांब होती. तिनं बघितलं ते एवढंच की तिचा बाप, पैज जिंकायला आलेला बाप, टोपी फिरवत, शिव्या देत, म्हातारपण विसरून उतारावरून धावत आला आणि त्यानं स्वतःचं अंग मेंढी आणि वेलीच्या मधे घातलं. सुतळी तुटली. विजार घसरली. पण वेल वाचली.

"बघतेस काय?" तो एका हातानं विजार धरून ओरडला. "दुसऱ्या ओळीत हाक त्यांना!"

संध्याकाळपर्यंत वरची बाजूही उघडी झाली. दोन दिवसांनी वारा फिरला, धुकं उठलं, आणि तो वारा टेकडीच्या प्रत्येक ओळीतून शिट्टी घालत गेला. पियर्सला त्या शरदात निम्म्याहून जास्त द्राक्षं टाकून द्यावी लागली. व्हाइटवेवर चर्चचे घंटा वाजवणारे, पबमधली डार्ट्स खेळणारी मंडळी आणि व्हिनेगरचे विनोद करणारे ते सगळे महाभाग तोडणीला आले. ईनिडनं त्यांना मांस भरलेली पेस्ट्री आणि बिअर दिली, आणि त्यांनी व्हिनेगरचा शब्द काढला नाही.

क्लेमंट प्रेसजवळ ठाण मांडून बसला. पैज म्हणजे पैज. प्रत्येक क्रेट त्यानं स्वतः तपासला, चष्मा चढवून, नाक घालून, घड उलटेपालटे करून. कुजका घड मनापासून शोधत होता तो. त्याला फसवायचं नव्हतं आणि फसायचंही नव्हतं. शेवटचा क्रेट रिकामा झाला आणि द्राक्षं काठाला टेकली, तेव्हा सगळं गाव भोवती गोळा झालं होतं.

"नाही सापडला," तो म्हणाला.

रसाची पहिली धार आली ती ब्रायनीनं चहाच्या मगात धरली आणि त्याला दिली. आजवर तिच्या द्राक्षांचा रस त्यानं कधी चाखला नव्हता. त्यानं घोट घेतला आणि त्याचे ओठ थेट डचेससारखे वर गेले.

"आंबट आहे."

"असायलाच हवा, बाबा. फेसाळ वाइनला तोच लागतो."

"हं." त्यानं उरलेला रस संपवला, रिकामा मग खाली ठेवला आणि हात पुढं केला. "टेकडी तुझी." मग तो हात सोडायचं विसरला, आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

ती वाइन बाटल्यांत भरून खडूत खोदलेल्या तळघरात तीन वर्षं झोपली. शेवटी शेवटी ईनिड रोज चहानंतर खाली जाऊन गाळ तोंडाशी यावा म्हणून बाटल्या थोड्या थोड्या फिरवायची आणि त्यांच्याशी गप्पा मारायची, म्हणायची, "निदान या उलटून बोलत नाहीत." आणि मग जूनमध्ये जिल्ह्याच्या मोठ्या शेतकी प्रदर्शनात, जिथं एका तंबूत मेंढे उभे असतात आणि पलीकडच्या तंबूत वाइन, नावं झाकलेल्या ग्लासांतून परीक्षकांनी देशभरातल्या फेसाळ वाइन चाखल्या. निकाल वाचणाऱ्या बाईंनी तिसरा नंबर सांगितला, दुसरा सांगितला, मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पहिला. व्हाइटवे, एकहर्स्ट कुटुंब." ईनिडनं शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

क्लेमंट मेंढ्यांच्या तंबूतून आला तो ब्रिगेडियरच्या मुलाची दुसऱ्या नंबरची निळी फीत हातात घेऊन. लेकीच्या हातात चांदीचा चषक बघून त्यानं फीत खिशात कोंबली. "एकहर्स्टांत कुणीतरी पहिलं आलं एकदाचं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे पाणावले ते त्यानं लपवले नाहीत.

परीक्षक विचारत होते, इतक्या वाईट वर्षी इतकी स्वच्छ, इतकी धारदार वाइन निघाली कशी? ब्रायनीनं मेंढ्यांचं सांगितलं. सगळे हसले, मग ती थट्टा करत नाही हे कळून जवळ सरकले. पियर्स लॅटिमर गर्दीतून पुढं आला. खोऱ्यात त्या शनिवारी काय झालं हे त्याला अर्धंमुर्धं ऐकून ठाऊक होतं.

"मिस्टर एकहर्स्ट, एक खरं सांगा," तो म्हणाला. "ते फाटक पहिल्यांदा उघडं राहिलं, ते तुम्ही मुद्दाम सोडलं होतं?"

तो शब्द ऐकून ब्रायनीला वाटलं, सांगून टाकावं, की गाठ सुटली, चुकून झालं, आणि मी त्यांच्यावर नको तो आळ घेतला. तिनं तोंड उघडलंही.

पण क्लेमंटनं सुतळीला धरून विजार वर ओढली, सगळ्या तंबूकडं एकदा सावकाश बघितलं, आणि शेवटी लेकीकडं.

"म्हणजे काय," तो म्हणाला. "मुद्दामच. माझी गाठ कधी आपोआप सुटलीय का?"

ब्रायनी हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. तिनं चषक त्याच्या हातात दिला आणि पियर्सकडं वळली.

"विचारता काय," ती म्हणाली. "मी तर तेव्हाच म्हटलं होतं."